'काइंड ऑफ ब्लू'ची खरी पट्टी

'सो व्हॉट' सुरू होऊन साधारण दीड मिनिट झालं की जिमी कॉब ड्रमच्या झांजेवर एक फटका मारतो. तोवर पॉल चेंबर्सच्या डबल बेसने धून मांडून झालेली असते. आधी पियानोने आणि मग सॅक्सोफोन-ट्रम्पेटने दोन-दोन सुरांत तिला होकार भरलेला असतो. आता माइल्स डेव्हिस एकटा पुढे येणार, आणि नेमका तिथे हा फटका बसतो. जरा जोरातच बसतो. स्वतः कॉबला तो वाजवताक्षणी जास्त झाल्यासारखा वाटला होता. पण झांजेचा तो नाद माइल्सच्या पहिल्या वाक्याखालून विरत विरत जातो आणि ट्रम्पेट त्याच्यावर अलगद येऊन बसतो. जॅझमधल्या इतक्या सुंदर प्रवेशाची दुसरी जागा मला पटकन आठवत नाही.

माइल्सच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची कुठलीही नवी आवृत्ती हाती आली की मी आधी हीच जागा ऐकतो. एखाद्या आवृत्तीत झांज फुटते आणि लगेच संपते, धातूचा नाद न येता नुसता 'फस्स' असा आवाज येतो. एखाद्या आवृत्तीत ती चांगली लांबवर तेवत राहते, आणि आपण ट्रम्पेट ऐकत असतानाही कानाच्या कोपऱ्यात तिचं विरणं चालू असतं. वादन तेच, दिवस तोच, टेपसुद्धा बहुधा तीच. बदललेला असतो तो टेप वाजवून तबकडी किंवा सीडी घडवणारा माणूस, त्याचं यंत्र आणि त्याचा कान. जॅझच्या रेकॉर्डी जमवणारे लोक एकाच अल्बमच्या चार-पाच प्रती कशाला घेतात, असं विचारणाऱ्याला मी एवढी एकच जागा दोन प्रतींवर ऐकवतो. त्याला फरक ऐकू आला, की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

हा अल्बम 1959 सालच्या दोन दिवसांत झाला, 2 मार्च आणि 22 एप्रिल. जागा न्यूयॉर्कच्या पूर्व 30व्या रस्त्यावरचा कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ. ते एकेकाळचं चर्च होतं. उंच छत, लाकडी जमीन, आणि वाजवलेला सूर हवेत थोडा वेळ राहू देणारी प्रशस्त जागा. निर्माता आयर्विंग टाउनसेंड, ध्वनिमुद्रण फ्रेड प्लॉट यांचं. माइल्ससोबत जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अॅडर्ली हे दोन सॅक्सोफोन, पियानोवर बिल एव्हान्स, बेसवर चेंबर्स, ड्रमवर कॉब. फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर'ला पियानोवर विन्टन केली बसला, आणि 'ब्लू इन ग्रीन'मध्ये अॅडर्ली नाही. स्टीरिओ आवृत्तीत कोल्ट्रेन डावीकडे आणि अॅडर्ली उजवीकडे उभा आहे. दोघांचे स्वभाव इतके वेगळे, की डोळे मिटून ऐकतानाही कोण कुठे आहे ते सांगता येतं. एकाचा सूर टोकदार आणि शोध घेणारा, दुसऱ्याचा गोल, रसरशीत.

रागसंगीत ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला हा अल्बम फार लवकर आपलासा होतो. त्याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. त्या काळच्या जॅझमध्ये दर दोन-चार मात्रांनी पियानोचे कॉर्ड बदलत आणि वादकाला त्यांच्यामागे धावावं लागे. माइल्सने इथे ती धावपळ काढून टाकली आणि वादकाला एक स्वरसप्तक देऊन त्यात फिरायला मोकळं सोडलं. 'सो व्हॉट'चं आवर्तन 32 बारचं आहे. पहिले 16 बार ज्या स्वरसप्तकात जातात ते आपल्या काफी थाटाचंच, गंधार-निषाद कोमल आणि बाकी शुद्ध. षड्ज पांढरी दोन. मग 8 बार तीच काफी एक घर वर सरकते, काळी दोनला, आणि शेवटचे 8 बार पुन्हा खाली पांढरी दोनला येतात. ऐकणाऱ्याला जमीन हलल्यासारखं वाटतं आणि परत जागेवर आल्यासारखं वाटतं, बस्स. एवढ्या साध्या मांडणीवर सहा वादकांनी नऊ मिनिटं उभी केली आहेत. 'फ्लॅमेन्को स्केचेस'मध्ये तर लिहिलेली धूनच नाही. पाच स्वरसप्तकं एकामागून एक, आणि प्रत्येकात किती वेळ रमायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. 

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. वर मी षड्ज पांढरी दोन म्हटलं. वादकांनी तो तिथेच लावला होता. पण 1959 पासून तीसहून अधिक वर्षं जगाने जो 'सो व्हॉट' ऐकला तो पांढरी दोनमध्ये नव्हता, आणि काळी दोनमध्येही नव्हता. तो दोघांच्या मधल्या फटीत होता.

झालं ते असं. सत्राच्या वेळी दोन टेपयंत्रं एकाच वेळी चालू होती, एक मुख्य आणि एक राखीव. 2 मार्चला मुख्य यंत्र किंचित मंद गतीने फिरत होतं. मंद फिरणाऱ्या यंत्रावर भरलेली टेप पुढे बरोबर गतीच्या यंत्रावर लावली की ती जरा जलद वाजते आणि सूर चढतो. त्या दिवशी झालेल्या तिन्ही रचना, 'फ्रेडी फ्रीलोडर', 'सो व्हॉट' आणि 'ब्लू इन ग्रीन', एलपीच्या पहिल्या बाजूवर आल्या. म्हणजे सबंध पहिली बाजू चढलेली आणि 22 एप्रिलच्या रचनांची दुसरी बाजू बरोबर. फरक एका घराहून बराच कमी, पण आहे. रेकॉर्डसोबत सराव करणाऱ्या वादकांना आपलं वाद्य पहिल्या बाजूशी जुळत नाही हे जाणवत असे. तो दोष मात्र 1990 च्या दशकापर्यंत सुधारला गेला नाही. राखीव यंत्र त्या दिवशी अगदी बरोबर चालत होतं, आणि त्याची टेप कंपनीच्या भांडारात तशीच पडून होती. तिच्यावरून सुधारलेली पहिली आवृत्ती 1992 साली सोनेरी सीडीच्या रूपात आली. त्याच दशकात क्लासिक रेकॉर्ड्सने जी एलपी काढली तिच्यात जुनी चढलेली बाजू होतीच, आणि जादा तबकडीवर तीच बाजू बरोबर पट्टीत दिली होती. मला ही फार प्रामाणिक रीत वाटते. श्रोत्याच्या हाती दोन्ही ठेवा, त्याला ऐकू द्या.

हे घरी करून पाहण्यासारखं आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरचा तानपुरा पांढरी दोनला लावा आणि आवाज अगदी बारीक ठेवा. मग 'सो व्हॉट'ची 1992 पूर्वीची कुठलीही प्रत लावा. चेंबर्सचा बेस तानपुऱ्याच्या जरा वर तरंगत राहतो, दोघं एका घरात राहायला तयार होत नाहीत. आता सुधारलेली आवृत्ती लावा. बेस खाली येऊन षड्जावर बसतो आणि तानपुरा त्याच्यात मिसळतो. गतीचा फरक त्याहून सूक्ष्म आहे, पण एकदा पट्टी कानात भरली की तोही ऐकू येतो. जुन्या प्रतीत सगळे जण किंचित घाईत आहेत, आवाजांना थोडी धार आहे. सुधारलेल्यात कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन भरदार होतो. सगळ्यात जास्त फरक पडतो तो 'ब्लू इन ग्रीन'ला. म्यूट लावलेला ट्रम्पेट आणि एव्हान्सचा पियानो यांचं ते हळुवार बोलणं, तेवढ्याशा उतरण्याने एकदम जवळ येतं.

तरीही ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षं चढलेलीच पट्टी ऐकली, त्यांच्यातल्या काहींना बरोबर पट्टी ढिली वाटते. त्यांच्या आठवणीतला माइल्स तो उंच पट्टीतला माइल्स आहे. हे आपल्याकडे नवं नाही. 78च्या तबकड्यांच्या काळात सगळ्याच कंपन्यांची तबकडी नेमक्या 78 फेऱ्यांची नसे, आणि वाजवणाऱ्याचं यंत्रही चावीवर चालणारं. त्यामुळे जुन्या गायकांची खरी पट्टी कोणती यावर आपल्या संग्राहकांमध्ये अजून वाद रंगतात. तबकडीवर ऐकू येणारी पट्टी गायकाची म्हणायची की यंत्राची, हे तिथे अनेकदा ठरवता येत नाही. 'काइंड ऑफ ब्लू'च्या बाबतीत ते ठरवता येतं, कारण दुसरी टेप आहे. म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे. वादकांनी लावलेला षड्ज खरा. सवय कितीही गोड असली तरी ती यंत्राच्या दोषाची सवय आहे.

आणि इथेच संग्राहकांच्या एका लाडक्या समजुतीला तडा जातो. जितकी प्रत जुनी तितकी ती खऱ्याच्या जवळ, असं मानलं जातं. पहिल्या छपाईच्या प्रतीला म्हणूनच एवढा भाव. कोलंबियाच्या त्या काळच्या लेबलवर दोन्ही बाजूंना तीन-तीन डोळ्यांसारखी चिन्हं असायची, त्यावरून या प्रतींना 'सिक्स-आय' म्हणतात. स्टीरिओ प्रतीचा क्रमांक सीएस 8163, मोनोचा सीएल 1355. अगदी सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट छापली गेली होती, 'ऑल ब्लूज'च्या जागी 'फ्लॅमेन्को स्केचेस' आणि त्याच्या जागी 'ऑल ब्लूज'. ती चूक असलेली प्रत मिळाली की संग्राहक खूश होतो.

सिक्स-आयची थोरवी मी नाकारत नाही. चांगल्या अवस्थेतली प्रत ऐकली की ते काय आहे ते कळतं. टेप तेव्हा ताजी होती. टेप जसजशी जुनी होते, जितक्या वेळा यंत्रावरून फिरते, तसतसे वरचे सूर, झांजेचा आणि ब्रशचा चकाकता भाग, आधी झिजतात. टेपची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असं करत पुढची प्रेसिंग्ज निघतात, आणि प्रत्येक पायरीवर तळाशी थोडी सळसळ वाढते, कडा थोड्या बोथट होतात. 1970 च्या दशकातल्या कित्येक एलपी आणि सुरुवातीच्या सीडी ऐकताना हीच झीज ऐकू येते. सिक्स-आयवर मात्र कॉबचे ब्रश ड्रमच्या कातड्यावर फिरताना त्यांचा गोल मार्गही जाणवतो, आणि चर्चच्या त्या छताखालची हवा ऐकू येते. पट्टी चुकलेली, पण हवा खरी. या दोन गोष्टी एकाच तबकडीवर असतात, ते मान्य करूनच ती प्रेमाने ऐकायची.

एलपीची स्वतःची एक अडचणही आहे. तबकडी सारख्याच वेगाने फिरते, पण सुई जसजशी मध्याकडे जाते तसतशी तिच्या वाट्याला दर सेकंदाला येणारी खाच आखूड होत जाते. त्यामुळे शेवटच्या रचनेतले बारकावे टिकवणं कठीण. 'काइंड ऑफ ब्लू'ची गंमत अशी की पहिल्या बाजूच्या शेवटी 'ब्लू इन ग्रीन' आहे आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'फ्लॅमेन्को स्केचेस'. अल्बममधल्या सगळ्यात शांत दोन रचना नेमक्या सगळ्यात अवघड जागी. जुन्या प्रती विकत घेताना म्हणून मी पहिली रचना लावून पाहत नाही, शेवटची लावतो. आधीच्या मालकाने बोथट सुईने ती किती झिजवली आहे ते तिथे लपत नाही.

1997 साली मार्क विल्डर यांनी राखीव यंत्राच्या आणि दुसऱ्या सत्राच्या तीन-ट्रॅकच्या मूळ टेपा घेऊन सगळा अल्बम नव्याने मिसळला. त्यासाठी व्हॉल्व्हवर चालणारं प्रेस्टो कंपनीचं जुनं तीन-ट्रॅक यंत्र वापरलं. कानाला पहिल्यांदा काय जाणवतं, तर चेंबर्सचा बेस. 'ऑल ब्लूज'मध्ये तो जी एकच आकृती अखंड घोळवत असतो तिच्यातला प्रत्येक सूर इथे वेगळा उमटतो, आणि बोट तारेवरून निघतानाचा आवाजही येतो. एव्हान्सचा तो कंप पावणारा पियानो बेसच्या आड जात नाही. 'फ्लॅमेन्को स्केचेस'चं न वापरलेलं दुसरं वादनही या सीडीवर आहे. ते ऐकलं की निवडलेल्या वादनातला विसावा अधिक कळतो. माझी तक्रार एकच. 1959 च्या मिश्रणात सहा जण एकाच हवेत बांधलेले वाटतात. 1997 मध्ये ते अधिक स्वच्छ, पण जरा सुटे सुटे उभे राहतात.

स्वच्छतेचा मोह कुठे थांबवायचा याचं उत्तर त्या सत्राच्याच टेपवर आहे. 'सो व्हॉट'ची सुरुवात फार हळू आहे, बेस आणि पियानोचं दबक्या आवाजातलं बोलणं. टाउनसेंड यांना नियंत्रण कक्षात बारीकसारीक आवाज ऐकू येत होते, बाकीच्या वाद्यांच्या कंपनाने स्नेअर ड्रमच्या तारा आपोआप झिणझिणत होत्या. त्यांनी सांभाळायला सांगितलं. माइल्सचं म्हणणं पडलं की ते सगळं संगीतासोबतच येतं. नव्या आवृत्तीत डिजिटल गाळणीने टेपची सळसळ पुसायला जाणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाने हे बोलणं लक्षात ठेवावं. सळसळ पुसताना झांजेची शेपटी आणि स्नेअरची झिणझिण तिच्याबरोबरच जाते. थोडी सळसळ राहू दिलेली आवृत्ती मला नेहमीच अधिक जिवंत वाटली आहे.

आणखी एक उदाहरण सांगायलाच हवं, कारण त्यात ध्वनिमुद्रण करणाराच पुढे स्वतःचं काम बदलतो. ब्लू नोट कंपनीच्या 1950 च्या दशकातल्या रेकॉर्डी रूडी व्हॅन गेल्डर यांनी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला, आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात भरल्या. दिवसा ते डोळे तपासण्याचा व्यवसाय करत. कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' 1957 साली त्याच खोलीत झाली. त्यांच्या हातची मूळ प्रत ओळखायची तर लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर त्यांच्या नावाची किंवा आद्याक्षरांची खूण आणि शेजारी कानासारखं दिसणारं छापखान्याचं चिन्ह शोधायचं. त्या प्रतींचा आवाज अंगावर येतो, ट्रम्पेट-सॅक्सोफोन खोलीत येऊन उभे राहतात. पण खर्ज मुद्दाम आवरलेला असतो, कारण तेव्हाच्या स्वस्त रेकॉर्ड प्लेअरची सुई जास्त खर्जाने खाचेतून उडायची. म्हणजे जुन्या प्रतीतला तो आवाज अर्धा त्यांच्या आवडीचा आणि अर्धा ग्राहकाच्या सुईच्या भीतीचा.

1999 पासून व्हॅन गेल्डर यांनी हेच अल्बम सीडीसाठी पुन्हा मास्टर केले. वादकांना काय हवं होतं ते मला आठवतं, मी त्यांचा निरोप्या आहे, अशी त्यांची भूमिका होती. मी त्या सीडी आदराने ऐकल्या आणि बऱ्याचशा बाजूला ठेवल्या. आवाज चढा, डाव्या-उजव्यातलं अंतर आवळलेलं, श्वास घ्यायला जागा कमी. 2019 पासून निघणारी ब्लू नोटची 'टोन पोएट' मालिका, जो हार्ली यांच्या देखरेखीखालची आणि केव्हिन ग्रे यांनी मास्टर केलेली, मला त्यांच्याहून कितीतरी सरस वाटते. खर्ज मोकळा झाला आहे आणि झांज कर्कश होत नाही. स्वतः ध्वनिमुद्रकाचा कान चाळीस वर्षांनी दुसरा झालेला असतो, आणि त्या सत्राला हजर नसलेला माणूस टेपचं म्हणणं अधिक नीट ऐकू शकतो, हे या दोन मालिका शेजारी ठेवल्या की कळतं.

तुलना करताना एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. दोन्ही प्रतींचा आवाज सारखा करून घ्या. जी प्रत किंचित मोठ्याने वाजते ती कानाला हमखास चांगली वाटते, आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. शिवाय वेष्टनावरच्या मजकुरावर विसंबू नका. 2022 साली उघड झालं की एका नावाजलेल्या अमेरिकी कंपनीच्या, निव्वळ अॅनालॉग म्हणून वाखाणल्या गेलेल्या कित्येक महागड्या एलपींमध्ये वर्षानुवर्षं एक डिजिटल टप्पा होता. ज्यांनी त्या कान देऊन ऐकल्या आणि आवडल्या म्हणून ठेवल्या, त्यांचं काही बिघडलं नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सिक्स-आयच्या मागे धावू नये. 1997 ची साधी सीडी घ्यावी. क्रमांक सीके 64935, जुनी असली तरी चालेल, सीडीला सुईची झीज नसते. तिच्यावर पट्टी बरोबर आहे, बेस आहे, झांज पुरेशी लांब जाते. ती तोंडपाठ झाली की मग एखाद्या जाणत्या संग्राहकाच्या घरी जाऊन त्याची सिक्स-आय ऐकावी, दुसऱ्या बाजूने सुरुवात करून, कारण ती बाजू पट्टीत आहे आणि टेपच्या ताजेपणाचा सगळा लाभ तिथे निर्दोष मिळतो. माझ्या मते 'ऑल ब्लूज' त्याहून चांगला आजवर कुठल्याच आवृत्तीत वाजलेला नाही, आणि 'सो व्हॉट' मात्र 1997 चाच ऐकावा.